पाणी किनाऱ्यावर का ठेवलंत?

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची सवय मोडली होती माझी. लग्नानंतर तीन वर्षं तुम्ही इथे बहारीनला आणि मी कोल्हापूरला, तेव्हा आठवड्याला एक निळं एरोग्राम ठरलेलं असायचं. मग मी आले, ईसा टाउनला आपलं घर झालं, आणि लिहायचं कारणच राहिलं नाही. आज पुन्हा लिहिते आहे. कुठे पाठवायचं ते माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय मला आज गप्प बसवत नाही.

काल दुपारी बाबलकाका येऊन गेले.

मी घर आवरायला आले आहे, दहा दिवसांसाठी. माझ्या शाळेतल्या नोकरीचा राजीनामा दिला, घराच्या किल्ल्या द्यायच्या आहेत. पिंकी गावाला तुमच्या आईंपाशी आहे. मी भांडी खोक्यात भरत होते आणि बेल वाजली. दारात बाबलकाका, धुतलेला शर्ट, हातात काही नाही. पन्नाशीचा माणूस, तुमच्या होडीत सगळ्यात पुढे बसणारा. सोफ्याच्या कडेवर बसले.

मग म्हणाले, "वैनी, नारायणान तुमका काय सांगल्यान नाय ना?"

मी म्हटलं, "त्याचं नाव माझ्यासमोर काढू नका."

"काढूकच होया. तो कधीच सांगूचो नाय, म्हणान मी इलय. पाण्याचो कॅन नारायण विसरलो नाय. तांडेलानीच किनाऱ्यार ठेवूक सांगल्यानी."

तांडेल, होडीचा म्होरक्या, म्हणजे तुम्ही! तुम्हीच!

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कोणी सांगितलं?" त्यांनी पुन्हा सांगितलं. मी पुन्हा विचारलं. असं तीनदा झालं. माझ्या हातात कुकरचं झाकण होतं, ते मी अर्धा तास तसंच धरून होते म्हणे.

अहो, तुम्ही? तुबलीतल्या सगळ्या वर्कशॉपला पाणी प्यायला शिकवणारे तुम्ही?

आठवतं का, वर्कशॉपमधल्या संडासाच्या दारावर तुम्ही कागद लावला होता? मराठीत, हिंदीत, आणि कोणाकडून तरी मल्याळीतही लिहून घेतला होता. "पिवळी दिसली तर बाहेर जाऊन दोन ग्लास पाणी. मग काम." मी लाजेने मरायची बाकी होते. तुम्ही मात्र रोज सकाळी सुतारांना विचारायचात, "काय रे, आज रंग कसा?" आणि ते दाढीवाले बापये खाली मान घालून हसायचे. तुमच्या हाताखाली चार उन्हाळ्यांत एक माणूस भोवळ येऊन पडला नाही.

आणि ते सगळं तुम्हाला शिकवलं कोणी? मी! पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही घरी येऊन पायात गोळे आले म्हणून लादीवर लोळलात, तेव्हा मी मीठ, साखर आणि लिंबू घालून तांब्याभर पाणी पाजलं. तुम्ही म्हणालात, "अगे, ह्या काय? सरबत की औषध?" मी म्हटलं, "घाम गेला की मीठही जातं, नुसतं पाणी पिऊन भागत नाही." त्यानंतर तुम्ही जगाला सांगत सुटलात, जणू काही शोध तुम्हीच लावला. "पाणी आधी, तहान मागसून." किती वेळा ऐकलं असेल मी ते!

होडीचं वेडही मी पाहिलं आहे. शुक्रवारी सुट्टी, तर माणसं झोपतात, सिनेमाची कॅसेट लावतात. तुम्ही वर्कशॉपच्या मागे प्लायवूड तासत बसायचात. गावच्या खाडीत वापरतात तशी उलांडीची होडी तुम्हाला बहारीनच्या समुद्रात हवी होती. अरुंद होडी, तिच्या एका बाजूला दोन वाकड्या दांड्यांना बांधलेलं तरंगतं लाकूड. मी कोल्हापूरची, मला रंकाळ्यापलीकडे पाणी माहीत नाही. मी विचारलं, "हे बाजूचं लाकूड कशाला?" तुम्ही म्हणालात, "होडी कलंडू नये म्हणून. घरात तू असतेस ना, तशी ही उलांडी."

काय बोलायचात हो तुम्ही!

फिलिपिनो लोकांची तशीच होडी होती, सिलोनच्या लोकांचीही. तीन देशांची माणसं, तिघांच्याही गावी उलांडी! तुम्हाला त्याचंच केवढं अप्रूप. मग दरवर्षी मे महिन्यात सित्राच्या किनाऱ्यावर शर्यत सुरू झाली. पाण्यात उभ्या केलेल्या पिंपाला वळसा घालून परत, असे तीन फेरे. पाच वल्ही मारणारे आणि मागे सुकाणूला तुम्ही.

पाण्याची व्यवस्था माझी होती. दहा लिटरचा कॅन, त्यात माझं पाणी, थोडं कोकमाचं आगळ. कॅनला नवी रबरी नळी. पिंपाला वळसा घातला की तुम्ही ओरडायचात, "यल्ला, चला, पाणी!" मग एकाने वल्हं थांबवून दोन घोट घ्यायचे, बाकीच्यांनी मारत राहायचं. नळी पुढून मागे यायची. कॅन सांभाळायचं काम नारायणचं. दुसऱ्या बाकावर, तुमच्याच गावचा, तुमच्याच आळीतला नारायण.

आणि तीन वर्षं तुम्ही दुसरे आलात.

इथे मला एक सांगायचं आहे, तेही आजच. शर्यतीच्या आदल्या दिवशी पिंकीच्या अंगावर कांजिण्या उठल्या होत्या. मी वैतागलेली. तुम्ही आपले हॉलमध्ये वल्ह्यांना पॉलिश करत बसलेले. मी म्हटलं, "एवढं घासताय, पण यायचंय दुसरंच ना! दरवर्षी आपले दुसरे!" तुम्ही हसलात. मी वळून पिंकीकडे गेले. त्या हसण्यात काय होतं ते मी पाहिलंच नाही. तुम्हाला लागलं होतं का हो ते? माझ्या त्या बोलण्यावरून कॅन खाली ठेवलात का? काल रात्रीपासून हेच डोक्यात फिरतंय, आणि उत्तर देणारा एकच माणूस होता.

बाबलकाका म्हणतात, तसं नाही. तुमचं आधीच ठरलं होतं. मागच्या वर्षी फिलिपिनो होडी फक्त एका होडीच्या लांबीने पुढे गेली. तुम्ही वाळूत बोटाने रेघा मारून सगळ्यांना समजावलंत म्हणे. दहा लिटर म्हणजे दहा किलो. पाणी पिताना प्रत्येकाची पाच-सहा वल्ही चुकतात. पाच माणसं, तीन फेरे. "इथेच हरतो आपण." पाऊण तासाची शर्यत, सकाळी सातची वेळ, निघण्याआधी पोटभर पिऊन घ्यायचं आणि खलास!

नारायण म्हणाला होता, "तांडेल, कॅन नको तर बाटली तरी घेऊया."

तुम्ही म्हणालात, "पाऊण तास तुझी आई पण तहानेन ऱ्हवात."

सगळे हसले. कॅन किनाऱ्यावर राहिला.

सातला शर्यत सुटली असती, तर कदाचित मी आज तुमच्यावर चिडून तुमची विजयाची बढाई ऐकत असते. पण पिंप ठेवायला जाणाऱ्या लाँचचं इंजिन सुरू होईना. "दहा मिनिटं, दहा मिनिटं" करत दोन तास गेले. वारा पडलेला, समुद्र काचेसारखा, हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर. आणि तुम्ही सगळे होडीत, रेषेवर! सिलोनची होडी किनाऱ्याला जाऊन सावलीत बसली. फिलिपिनोंचा कॅप्टन तर त्याची बाटली पुढे करून म्हणाला, "ब्रदर, पानी?" तुम्ही हात हलवून हसलात. "फिनिश के बाद!"

का? सांगा ना, का? किनारा शंभर पावलांवर होता! बाबलकाका म्हणतात, वाऱ्याच्या बाजूची जागा तुम्ही पहाटे जाऊन मिळवली होती, ती सुटली असती. एका जागेसाठी? माझं कुंकू आणि त्या समुद्रातली एक जागा, काय तोललंत हो तुम्ही?

नऊ वाजून गेल्यावर शर्यत सुटली.

पहिला फेरा तुम्ही पुढे. दुसरा फेराही पुढे. तिसऱ्या फेऱ्यात बाबलकाकांना मागून तुमचा आवाज वेगळा वाटला. "भरती लागली! बंदर इला! बाबा, दोर टाका!" तुमचे वडील जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही त्यांना हाका मारत होतात! आणि पिंपाचा शेवटचा वळसा झाल्यावर होडी किनारा सोडून उघड्या समुद्राकडे वळायला लागली. वळून बघितलं तर तुमचं अंग कोरडं ठणठणीत, घामाचा थेंब नाही, तोंड लाल आणि डोळे भलतीकडेच.

तांडेल चुकतोय हे म्हणायची कोणाची छाती? तेव्हा नारायणने वल्हं एका बाजूला घालून, दात-ओठ खाऊन एकट्याने होडीचं तोंड फिरवलं. "माझ्याबरोबर मारा! तांडेलाक किनाऱ्यार न्हेवचो आसा!" शर्यत वगैरे त्यांच्या डोक्यातही नव्हती. ते तुम्हाला डॉक्टरकडे नेत होते. त्या घाईत होडी पहिली आली.

तुम्ही जिंकलात! मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. दोन महिने मला माहीतच नव्हतं, की तुम्ही जिंकलात.

किनाऱ्यापाशी तुम्ही उभे राहिलात आणि पाण्यात कोसळलात. नारायणने उडी मारून तुमचं डोकं वर धरलं, खांद्यावर घेऊन वाळूत आणलं. फिलिपिनोंनी त्यांचं होतं नव्हतं ते सगळं पाणी तुमच्या अंगावर ओतलं. एका बहारीनी मच्छीमाराने पिकअप काढला, "यल्ला, यल्ला" करत तुम्हाला मागे घातलं. आणि पिकअप निघाल्यावर नारायणही तिथेच आडवा झाला. दोन दिवस त्याला सलाइन लावलं होतं. त्याच हॉस्पिटलमध्ये, तुमच्या वरच्या मजल्यावर.

मला हेही माहीत नव्हतं! कोणाचं काही विचारायच्या अवस्थेत मी होतेच कुठे? शेजारच्या बाईंनी पिंकीला घेतलं, मी घरातल्या चपलांवर हॉस्पिटलला पोचले. डॉक्टर म्हणाले, उष्माघात, अंगातलं पाणी संपलं होतं, फार उशीर झाला. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही दुसऱ्या कोणाबद्दल बोलताय. माझे मिस्टर पाणी पितात." मी खरंच असं म्हटलं. आणि कॉरिडॉरमध्ये कोणीतरी बोललं, कॅन तर किनाऱ्यावर भरलेलाच आहे.

कॅन कोणाकडे होता? नारायणकडे. संपलं! माझ्या मनाने तिथल्या तिथे निकाल दिला.

विमानतळावर, तुम्हाला घेऊन निघताना, नारायण भिंतीला टेकून उभा होता. पांढराफटक पडला होता. मी सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "पाणी तुझ्याकडे होतं ना? एवढं एक काम होतं ना तुला?" मी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्याने फक्त हात जोडले. आणि मला ती त्याची कबुली वाटली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. थांबले नाही. तुमच्या तेराव्याला नारायणची आई आली, दारात बसून रडत होती. मी आतून आले आणि गावासमोर म्हटलं, "तुमच्या मुलाने पाणी दिलं असतं तर आज हे घर उभं असतं." ती म्हातारी उठली आणि निघून गेली. त्या दिवसापासून त्यांच्या दारात कोणी गेलं नाही. पाणवठ्यावर नारायणच्या बायकोशी बायका बोलत नाहीत. आईंनी मला हे सांगितलं, आणि खोटं का बोलू, मला बरं वाटलं होतं.

हे सगळं बाबलकाका गेल्यावर माझ्या अंगावर आलं. मी लादीवर बसून राहिले.

आज सकाळी मी तुबलीला गेले, बाबलकाकांना घेऊन. कामगारांच्या कॅम्पमध्ये बाई आलेली पाहून माणसं बनियनवर शर्ट चढवत पळाली. नारायण बाहेरच्या नळावर मासे साफ करत होता. मला बघून उभा राहिला. हाताला खवलं चिकटलेली, ते हात कुठे ठेवावे त्याला कळेना.

मी म्हटलं, "नारायणभाऊ, मला खरं का नाही सांगितलंत?"

त्याने बाबलकाकांकडे बघितलं. "काका, तुमी सांगलास?"

"सांगलय. किती दिवस गप ऱ्हवतलो?"

नारायणने हात लुंगीला पुसले. मग म्हणाला, "वैनी, तुमी तेव्हा नवऱ्याक घेवन चाललेलास. तेव्हा मी काय सांगू? चूक तेंची म्हणून सांगू?"

"मग नंतर? गावात मी काय काय बोलले ते कळलं ना तुम्हाला?"

"बायलेचा पत्र इला."

"काय लिहिलंय?"

तो आत गेला आणि एरोग्राम घेऊन आला. मला वाचायला दिलं. त्याच्या बायकोने एवढंच लिहिलं होतं, लोक म्हणतात ते खरं आहे का, तुमच्या तोंडून एकदा 'नाही' लिहून पाठवा, मग मला कोणाची पर्वा नाही. पत्र सव्वा महिन्यापूर्वीचं. मी विचारलं, "उत्तर?"

"काय लिवू? नाय लिवलंय तर ती इचारतली, मगे कोणाची चूक? आणि गावात तांडेलाचा नाव..." मग एकदम म्हणाला, "आणि वैनी, माझी चूक नाय असा पण नाय. मी बाटली लपवन घेवक होई होती. तेंनी एकदा नको म्हटल्यार मी गप बसलंय. तांडेलाच्या शब्दापुढे मी बोललंय नाय."

नळ चालूच होता, बाबलकाकांनी तो बंद केला. मी पहिल्यांदा नारायणच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिशीतला माणूस, दोन महिन्यांत गाल बसलेले. मी त्याला म्हटलं, "माझं चुकलं." एवढंच जमलं. तो म्हणाला, "तुमी बसा, चाय करतंय," आणि मासे तसेच टाकून आत पळाला. आत बराच वेळ भांड्याचा आवाज नव्हता. तो रडत होता, हे आम्हा दोघांनाही कळलं.

तर असं झालं. तुमच्यावर रागावू की तुमच्यासाठी रडू, हे मला अजून ठरवता येत नाही. तुम्ही वाईट नव्हतात. तुम्हाला एकदा जिंकायचं होतं, एवढंच. आपल्या गावची होडी पहिली आलेली तुम्हाला बघायची होती. आणि जिंकलात तेव्हा तुम्ही भलत्याच बंदरात होतात, वडिलांना हाका मारत. हे तुम्हाला कळलं तरी का हो? कोणाला विचारू?

फिलिपिनोंचा कॅप्टन पुढच्या शुक्रवारी येणार आहे म्हणे, नारायणला भेटायला. पुढच्या वर्षीपासून होडीत पाणी नसेल तर ती होडी रेषेवर घ्यायचीच नाही, असं तिन्ही होड्यांनी मिळून ठरवायचं आहे. बाबलकाका म्हणाले, तुमची होडी उतरणार. सुकाणूला नारायण. मी म्हटलं, उतरू दे.

आता माझं काम राहिलं आहे, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. आईंनाही आवडणार नाही. त्या अजून शेजारणींना सांगतात, माझा मुलगा दुसऱ्याच्या चुकीने गेला. त्या आधारावर त्या उभ्या आहेत, आणि तो मी काढून घेणार आहे.

गुरुवारचं विमान आहे. गावी पोचले की घरात पाऊल टाकायच्या आधी मी नारायणच्या आईच्या दारात जाईन. तेराव्याला होत्या तेवढ्या सगळ्या बायकांना तिथे बोलावून घेईन. मोठ्याने सांगेन की कॅन खाली ठेवायला माझ्या नवऱ्याने सांगितलं, नारायणने नको म्हटलं होतं, आणि शेवटी नारायणनेच त्यांना किनाऱ्यावर आणलं. त्याच्या बायकोला ते 'नाही' मी माझ्या तोंडाने देईन. गावात तुमचं नाव थोडं खाली येईल. येऊ दे. पिंकी मोठी झाली की तिलाही हेच सांगेन, काहीही गाळणार नाही. तिचे बाबा चांगले होते आणि एकदा चुकले, एवढं तिला पेलेल. मलाही पेलायला लागेल.

हे वचन. मोडणार नाही.

तुमची,
सुमन